भाताच्या जागी कोशिंबीर

हरिहरपंत खांबेटे कोशिंबीर करायला शिकले ते पेन्शनीत निघाल्यावर, आणि तेही डॉक्टरांच्या धाकाने. त्याआधी त्यांची तिच्याशी ओळख बेताचीच होती. ताटाच्या डाव्या बाजूला, मीठ, लिंबू, चटणी यांच्या खालोखाल ती चमचाभर वाढलेली असे आणि मधूनमधून बोटाने चाटली की संपे. ती कोण चिरतं, कशी कालवतं, हे पाहायला पंत कधी स्वयंपाकघरात डोकावले नव्हते. गोदाबाई होत्या तोवर डोकावायचं कारणही नव्हतं.

गोदाबाई जाऊन दोन वर्षं होत आली होती. नौपाड्यात माडीवरच्या दोन खोल्यांत पंत आता एकटेच राहत. दुपारचा डबा खानावळीतून येई. रात्री ते स्वतः मऊ भात टाकीत आणि त्यावर तूप नि लोणच्याची फोड घेऊन जेवण उरकीत. पावसाळ्याच्या शेवटी त्यांना जिना चढताना घेरी आली. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून फुगा दाबला, पारा पाहिला आणि मान हलवली.

"रात्रीचा भात बंद. लोणचं बंद. फोडण्याबिडण्या बंद. कोशिंबीर खा पोटभर."

पंतांना हसूच आलं. कोशिंबीर पोटभर खायची म्हणजे अत्तराने आंघोळ करण्यातला प्रकार! पण डॉक्टर हसत नव्हते.

पंतांची सारी नोकरी भूमापन कचेरीत नकाशे काढण्यात गेलेली. हात स्थिर, नजर बारीक. काकडीच्या चकत्या त्यांनी अशा पातळ कापल्या की पलीकडचं ताट दिसावं. त्यावर मीठ घातलं, दही ओतलं आणि संध्याकाळच्या जेवणासाठी झाकून ठेवलं. जेवायला बसले तेव्हा वाडग्यात ताक झालं होतं आणि त्यात काकडी पोहत होती. ते त्यांनी मुकाट्याने प्यायलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग एकदा ते विळीपुढे बसून नुसते बघत राहिले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की मीठ लागलं की काकडीला पाणी सुटतं. ठाऊक नसणाऱ्याला गाव हसेल इतकी साधी गोष्ट, पण त्यांना कुणी सांगितली नव्हती आणि विचारायला घरात कुणी नव्हतं.

असं करत करत ते शिकले. काकडीला मीठ लावून घटकाभर ठेवायची आणि मुठीत दाबून पिळायची. कोबी उभी आणि केसासारखी चिरायची. दही नुसतं घ्यायचं नाही. श्रीखंडाला बांधतात तसं पंच्याच्या फडक्यात बांधून सकाळीच खिडकीच्या गजाला टांगायचं, म्हणजे दुपारपर्यंत त्याचा चक्का होतो. त्या चक्क्यात दुधावरची साय घालून रवीने नाही, चमच्याने घोटायचं. पुदिना, कोथिंबीर, आलं, मिरचीचं एक टोक पाट्यावर वाटून त्यात मिसळायचं, पण अगदी शेवटी. आधी वाटून ठेवलं तर पुदिना काळा पडतो आणि पांढरा चक्का रुसल्यासारखा दिसतो. गॅलरीतल्या डब्यात ओव्याचं रोपटं होतं. त्याचं एक पान बारीक चिरून घातलं की त्या कालवणाला चव येई. एक पान बरं. दोन घातली की औषध.

नुसत्या पाल्याने पोट भरेना, म्हणून त्यांनी मोड आलेले मूग वाफवून घालायला सुरुवात केली. थंडीत हरभऱ्याचे सोलाणे मिळू लागले तसे तेही घातले. उकडलेल्या बटाट्याच्या दोन फोडी, वरून भाजलेल्या शेंगदाण्याचं भरड कूट. आता वाडगा चांगला भरदार होई. मग तो वाढायचा कुठे, हा प्रश्न आला. डाव्या बाजूला एवढी कोशिंबीर मावेना. शेवटी पंतांनी ती ताटाच्या मधोमध, भाताच्या जागी वाढली. बसताना त्यांना उगाच अपराध्यासारखं वाटलं. गोदाबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "हे काय, ताट उलटं का मांडलंय?" पण म्हणायला कुणी नव्हतं.

पौषातल्या एका संध्याकाळी जावई आले. गुरुदत्त मुंबईला विमा कंपनीत होते आणि डोंबिवलीला राहत. जाता जाता ठाण्याला उतरून पाच मिनिटं सासऱ्यांना भेटून जाण्याची त्यांची पद्धत होती. त्या दिवशी ते खुर्चीच्या कडेवरच बसले.

"रविवारी नीला येतेय, हेमाला घेऊन. तिला तुमच्याशी बोलायचंय."

"काय विशेष?"

"आमच्या शेजारची खोली रिकामी होतेय. मालक म्हणतोय, हवी असेल तर मंगळवारपर्यंत सांगा. नीलाच्या मनात आहे की तुम्ही तिथे यावं. म्हणजे वेगळं दार, पण भिंतीला भिंत." गुरुदत्त जरा थांबले. "हेमा पाटीवर नुसत्या रेघोट्या ओढते हो. मला वेळ नाही, नीलाला पेशन्स नाही."

"बघू," पंत म्हणाले. "लेकीच्या दारी जाऊन राहायचं म्हणजे..."

"तेच ती म्हणाली. तुम्ही सहजासहजी ऐकणार नाही."

जावई जिना उतरून गेले आणि पंत खोलीत फेऱ्या घालू लागले. ऐकणार नाही काय? त्यांनी त्याच क्षणी ट्रंक भरायला घेतली असती. पण असं बापाने लगेच हो म्हणायचं नसतं. त्यांच्या वडिलांनी तर आपल्या लेकीच्या, म्हणजे पंतांच्या बहिणीच्या घरी, तिला मूल होईपर्यंत पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. काळ बदलला खरा, पण माणसांची तोंडं बदलली नव्हती. खालच्या मजल्यावरचे त्र्यंबकराव एका ओळखीच्या गृहस्थांबद्दल अजून म्हणत, "गेले हो लेकीकडे, जावयाची पिशवी घेऊन बाजारात जातात आता." त्या वेळी पंतही हसले होते.

तेव्हा पंतांनी मनाशी ठरवलं ते असं. नीला विचारील, आपण नको म्हणू. ती पुन्हा विचारील, आपण पुन्हा नको म्हणू. तिसऱ्यांदा ती डोळ्यांत पाणी आणून म्हणेल, "अप्पा, माझ्यासाठी तरी." मग आपण निःश्वास टाकून म्हणू, "बरं बाई, तुझाच हट्ट आहे तर." जेवणाच्या पंगतीत जिलबी घेतात तशी. हवी असते सगळ्यांनाच, पण तिसऱ्या आग्रहाशिवाय ताटात घेतली तर माणूस हावरा दिसतो.

आणि आणखी एक. नीलाला आपला भार वाटता कामा नये. पथ्याचा म्हातारा घरात आला की चुलीवर त्याचं वेगळं भांडं चढतं, आणि दोन महिन्यांत ते भांडं आदळायला लागतं, हे पंतांनी चार घरांत पाहिलं होतं. तेव्हा रविवारी तिला आपण ही कोशिंबीरच करून वाढायची. तिच्या डोळ्यांनी तिला दिसेल की अप्पांच्या रात्रीच्या जेवणाला ना चूल लागते, ना बाईमाणूस. मग तिसऱ्यांदा विचारताना तिची जीभ अडखळणार नाही.

रविवारी सकाळी ते मनुबाईची वाट पाहत गॅलरीतच उभे होते. मनुबाई खाडीकडच्या गावातून भाजीची पाटी घेऊन येई. तिने पाटी उतरवली आणि पंतांनी निवडलेला ढीग पाहून कमरेवर हात ठेवले.

"काय आप्पा, आज येवरी कोथमीर? लगीन हाय का घरान?"

"लेक येतेय."

"मंग लेकीला पाला घालताव? जावय काय म्हनल, सासऱ्यानी शेली समजली का काय माझे बायकोला?"

"तू मुळा कोवळा दे, बाकी मी बघतो."

"कवलाच हाय. माझे दातांनी खाल्लाय, नि माझे दात किती हायत ते बघा," असं म्हणत ती आपलं बोळकं दाखवून हसली, आणि ओंजळभर सोलाणे वर टाकून गेली.

चारच्या सुमाराला नीला आली. पाच वर्षांची हेमा जिन्यावरूनच "आजोबा" म्हणून ओरडत होती. नीला दारातच थबकली. तिने ओटा पाहिला, घासलेली भांडी पाहिली, गजाला टांगलेला चक्का पाहिला.

"अप्पा, हे कुणी केलं?"

"कोण करणार? गोदूने शेवटी माणूस केलं मला, पण ती गेल्यावर."

नीला हसली, मग तिने पदराने नाक पुसलं. चहा झाल्यावर तिने विषय काढला. खोली मोठी नाही पण हवेशीर आहे. मागे विहीर आहे, पाणी गोड आहे. संध्याकाळी फिरायला सगळी शेतंच शेतं.

"तुम्ही याल का अप्पा?"

"छे गं. मला इथे काय कमी आहे?" पंत म्हणाले. हे पहिलं झालं. त्यांना हायसं वाटलं.

हेमाला समोर बसवून त्यांनी काकडी चिरायला घेतली. "आता गंमत बघ हं. या चकत्यांवर मी मीठ टाकलं. हात लाव. ओल्या आहेत का?"

"नाही."

"आता शंभर म्हण."

हेमाला चाळीसपर्यंतच येत होते. ती चाळीसला पोहोचली की पुन्हा एकपासून सुरू करी. पंतांनी तिला चाळिसाच्या पुढे बोट धरून नेलं, एक्केचाळीस, बेचाळीस, एकेक आकडा तिच्या तोंडून पुरता येईपर्यंत थांबत. शंभर झाले तेव्हा ताटलीत पाणी होतं.

"आजोबा, काकडी रडली!"

"रडली नाही. तिच्या पोटात पाणी होतंच, मिठाने बाहेर बोलावलं. आता पीळ. घाबरू नकोस, जोरात पीळ."

नीला दाराच्या चौकटीला टेकून पाहत होती. "मला कधी असं शिकवलं नाहीत तुम्ही."

"तेव्हा मलाच येत नव्हतं."

"आकडे म्हणतेय मी. मला पाढे चुकले की पट्टी दाखवायचात."

पंत ओशाळले. पण त्यांना मनातून बरंही वाटलं. हे तिला दिसलं ते चांगलं झालं. रोज संध्याकाळी हेमा अशी समोर बसेल. काकडी, शंभर आकडे, पुढे बाराखडी. त्यांनी चक्का सोडला, साय घातली आणि घोटू लागले. पाट्यावरून हिरवं वाटण उचलून त्यात फिरवलं तसा सगळा चक्का हळूहळू पोपटी झाला. ओव्याचं पान हेमाने चिरलं, जरा जाडच, पण ते पंतांनी तसंच घातलं.

दिवेलागणीच्या आधी तिघं पाटावर बसली. पंतांनी ताटाच्या मधोमध मूग, कोबी, मुळा, काकडी, सोलाणे असं सगळं मिळून वाढलं आणि वर तो दाट चक्का ओतला. नीलासाठी त्यांनी पोळ्यांची सोय खानावळीतून केली होती, पण तिने पोळीला हात लावला नाही. पहिला घास घेऊन ती थांबली.

"अप्पा, हे तुम्ही केलंत?"

"समोरच तर केलं."

"नाही, पण..." तिने आणखी एक घास घेतला. "यात फोडणी नाही?"

"चिमूटभर जिऱ्याची पूड. भाजलेली. मूग-बटाटे सकाळीच उकडून ठेवतो, संध्याकाळी स्टोव्ह म्हणून पेटवायला नको. रात्रीचं मी हेच खातो. कुणाला काही त्रास नाही बघ." हे शेवटचं वाक्य त्यांनी जरा सावकाश म्हटलं, ते तिच्या कानात नीट पडावं म्हणून.

नीला जेवत राहिली. मग तिने मान वर न करता विचारलं, "खरंच नाही येणार का अप्पा? हेही म्हणत होते, तुम्ही आलात तर बरं होईल."

"जावयांचा मोठेपणा आहे. पण नको. लोक काय म्हणतील ते एक असो, पण इथली सवय झाली आहे." हे दुसरं. पंतांनी घास तसाच हातात धरून ठेवला.

नीलाने ताट निपटलं. हेमाच्या ताटातलं उरलेलंही खाल्लं, आणि मग अशी काही मोकळी हसली की पंतांना तिची आईच आठवली.

"खरं सांगू? मी येताना रडतच आले होते. म्हटलं, अप्पा काय खात असतील, कसे राहत असतील. आई म्हणायची, यांना जिरं नि ओवा एका रांगेत ठेवला तर ओळखता येणार नाही. आणि इथे येऊन बघते तर माझ्याहून टापटीप! आता मला रात्री झोप लागेल."

पंतांनी घास खाली ठेवला.

हेमा मात्र आजोबांच्या मांडीवर येऊन बसली होती. तिने त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "आजोबा, तुम्ही आमच्याकडे येणार ना?"

"हेमा," नीला चटकन म्हणाली, "असं सारखं सारखं विचारायचं नसतं आजोबांना. त्यांना आवडत नाही."

"का?"

"दोनदा विचारावं. माणूस दोनदा नाही म्हणाला की ते नाही खरं मानावं. तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे त्याचा छळ. मी तुझ्याएवढी असताना आजोबांनीच मला शिकवलंय." ती वडिलांकडे वळली. "आठवतं ना अप्पा? विश्रामकाकांच्या मुलाच्या मुंजीला. मी लोकांच्या ताटात बळेबळे लाडू वाढत होते, आणि तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत."

पंतांना ते आठवत नव्हतं. पण ते आपलंच वाक्य आहे हे त्यांना तत्क्षणी कळलं. अन्न वाया गेलेलं त्यांना खपत नसे आणि आग्रहाचा तर त्यांना आयुष्यभर तिटकारा होता. मुलीने ते किती मनापासून ऐकलं होतं! तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. आपल्या बापाला आपण बरोबर ओळखतो, असा.

"आठवतं," ते म्हणाले. हेमा अजून त्यांच्याकडे बघत होती. तिला उत्तर मिळालं नव्हतं. तिच्या केसांतून त्यांनी हात फिरवला आणि तोंड उघडलं. पण आत्ता हो म्हणायचं तर आधीचे दोन नकार खोटे होते असं लेकीला सांगावं लागलं असतं, तेही नातीसमोर, तो धडा नुकताच देऊन झाल्यावर. त्यांच्या घशातून शब्द आला तो भलताच. "पाणी देतेस का मला, हेमा?"

ती उठली आणि भांडं दोन्ही हातांनी धरून, न सांडता घेऊन आली.

ते दोघींना पोचवायला स्टेशनपर्यंत गेले. रस्ताभर हेमा एक्केचाळीसपासून पुढे म्हणत होती आणि अठ्ठेचाळिसाला अडत होती. पुलाशी नीलाने त्यांना थांबवलं.

"तुम्ही चढू नका हा पूल. आणि त्या खोलीचं मी उद्याच मालकाला सांगून टाकते. ह्यांच्या ऑफिसातले एक जण केव्हाचे मागे लागलेत. त्यांना तरी मिळेल."

"सांग," पंत म्हणाले. "बिचाऱ्यांची सोय होईल."

"आणि ते चक्क्याचं कसं करायचं ते मला पुन्हा एकदा सांगा. पुदिना शेवटी ना?"

"शेवटी. आणि काकडी पिळून."

तिने वाकून नमस्कार केला. हेमानेही केला, आणि उठताना "एकोणपन्नास" म्हणाली. त्या दोघी पूल चढून दिसेनाशा झाल्या तरी पंत काही वेळ तिथेच उभे होते. एक टांगेवाला "चला नौपाडा, नौपाडा" करत त्यांच्यापुढे दोनदा येऊन गेला.

घरी आले तेव्हा त्र्यंबकराव जिन्याच्या पायरीवर तपकीर ओढत बसलेले. त्यांना सगळी बातमी होती. या वाड्यात कुणाकडे कोण का आलं हे त्र्यंबकरावांना पाहुण्याच्या आधी कळे.

"काय पंत, मग केव्हा निघताय? पिशवी घेतलीत का जावयाची?"

"नाही जात."

"आँ? बोलावलं नाही?"

"बोलावलं. मीच नको म्हटलं."

"वा! शाब्बास!" त्र्यंबकरावांनी मांडीवर थाप मारली. "मी आत्ता घरात हेच सांगत होतो, खांबेटे जाणार नाहीत म्हणून. कणा आहे माणसाला!" मग त्यांनी पंतांचा चेहरा पाहिला. पायरीवर जरा सरकून त्यांनी जागा केली. पंत बसले. आतून कुणाच्या तरी घरच्या फोडणीचा वास आला.

"किती वेळा म्हणाली?" त्र्यंबकरावांनी हळूच विचारलं.

"दोनदा."

त्र्यंबकरावांनी तपकिरीची डबी बंद केली. त्यांचेही दोन मुलगे होते, एक नागपूरला, एक परदेशी. "हल्लीच्या पोरांना आग्रह म्हणून करता येत नाही हो," ते म्हणाले. "आपल्या वेळी असं नव्हतं."

"नाही, तिला काही बोलू नका," हरिहरपंत म्हणाले. "शहाणी आहे माझी नीला. शिकवलं तसंच वागली."